घरातला अखंड सेवक

कावेरीकाठचे कुंभकोणम हे नगर देवळांसाठी, पितळी भांड्यांसाठी आणि दर बारा वर्षांनी भरणाऱ्या महामहम पर्वासाठी प्रसिद्ध आहे. गणिताची गोडी असलेला प्रवासी मात्र तेथील आणखी एक वास्तू पाहिल्यावाचून परतत नाही. शारंगपाणीच्या देवळाकडे जाणाऱ्या सन्निधी रस्त्यावर एक लहानसे घर आहे. श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण याच घरात गेले. शास्त्र विद्यापीठाने २००३ साली हे घर विकत घेऊन जतन केले असून ते सर्वांस पाहता येते.

रामानुजन यांना कागद परवडत नसे. गणित पाटीवर मांडावे, कोपराने पुसावे आणि निष्कर्ष हाती आला की तेवढाच वहीत उतरून घ्यावा, असा त्यांचा क्रम होता. ही पाटी आणि ही वही मनात घोळवीतच मी त्या दिवशी माझ्या मावशीच्या घरी गेले. आणि तेथे एका वेगळ्याच वस्तूच्या संदर्भात मला त्या दोहोंची पुन्हा आठवण झाली.

मावशीचे सासर तंजावरी मराठी. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरास मराठ्यांचे राज्य स्थापिले, तेव्हापासून या भागात मराठी कुटुंबे वसली. इंदूर व बडोदे या संस्थानांचे दिवाण सर टी. माधवराव हे अशाच कुटुंबातील. त्यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमलाच झाला. या घरांत आजही मराठी बोलली जाते. पण ती वडीलधाऱ्यांच्या तोंडी जितकी आहे तितकी नातवंडांच्या तोंडी उरलेली नाही. माझ्या मावशीच्या सासूबाईंना त्या जुन्या वळणाच्या मराठीतील पाळणे, लग्नातील गाणी आणि कहाण्या मुखोद्गत होत्या. त्या हयात असताना माझ्या मावसभावाने त्यांचा आवाज ध्वनिफितींवर उतरवून ठेवला होता.

हा ठेवा आता कोठे आहे, असे विचारताच त्याने स्वयंपाकघरालगतच्या फडताळाकडे बोट दाखविले. तेथे, कॉफीच्या पितळी फिल्टरच्या वरच्या कप्प्यात, पोथीएवढी एक काळी पेटी होती. तिला पडदा नव्हता, कळफलक नव्हता. केवळ एक बारीक दिवा लुकलुकत होता. तो त्या घराचा सर्व्हर होता.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर हा शब्द ऐकताच थंडगार दालने आणि यंत्रांच्या उंच रांगा डोळ्यांपुढे येतात. वस्तुतः सर्व्हर म्हणजे सेवक. मागेल त्याला मागितलेली वस्तू देणे आणि त्यासाठी अहोरात्र जागे राहणे, हे त्याचे काम. जगातील पहिला वेब सर्व्हर तरी कोठे प्रचंड होता? टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९९० साली तो चालविला, तेव्हा ते यंत्र म्हणजे सुमारे एक फूट लांबी, रुंदी आणि उंचीचा ठोकळा होता. कोणी चुकून बंद करू नये म्हणून त्यावर तांबड्या शाईने तशी सूचना लिहिलेली होती.

मावसभावाची पेटी त्याहूनही लहान आहे. लांबी-रुंदी प्रत्येकी सुमारे अठरा सेंटिमीटर, जाडी साडेतीन. म्हणजे आकारमान एका लिटरच्या थोडे वर. कचेऱ्यांतून असे संगणक पडद्यामागे अडकविलेले असतात, आणि कचेरी नवे संगणक घेते तेव्हा जुने स्वस्तात विकले जातात. त्यांपैकीच एक त्याने आणला आणि त्यावर लिनक्स ही विनामूल्य मिळणारी कार्यप्रणाली बसविली.

एवढेसे यंत्र पुरते कसे? याचे उत्तर पाटी आणि वही यांत आहे. संगणकाची तात्पुरती स्मृती, जिला रॅम म्हणतात, ती पाटी. चालू काम तिच्यावर मांडले जाते आणि वीज जाताच पुसले जाते. डिस्क ही वही. तिच्यावर लिहिलेले वीज गेल्यावरही टिकते. हजारो माणसे एकाच वेळी मागणी करीत असतील तर पाटी फार मोठी लागते. घरातील पाचसात माणसांपैकी एखाद्यास छायाचित्र हवे असते, एखाद्यास गाणे. सर्व्हरचा बहुतेक वेळ वाट पाहण्यातच जातो. म्हणून आठ गिगाबाइटची पाटी येथे सहज पुरते. वही मात्र चांगली आणि मोठी हवी.

खर्च आणि काळजी

अशी पेटी स्वस्थ असताना सुमारे दहा वॅट वीज घेते. दिवसाचे २४ तास आणि महिन्याचे ३० दिवस धरले तर महिन्याला ७.२ युनिट होतात. जुना मोठा संगणक ६० वॅट घेत असेल तर तोच हिशेब ४३.२ युनिटांवर जातो. जे यंत्र कधीच बंद करावयाचे नाही, त्याच्या बाबतीत हा फरक लहान नव्हे.

तथापि लहान यंत्राच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. आत एकदोन डिस्कांपुरतीच जागा असते. अधिक हवी तर बाहेरून जोडावी लागते. हवा खेळावयास जागा कमी असल्याने ही पेटी बंद कपाटात ठेवू नये, आणि तिच्या झरोक्यांवरील धूळ अधूनमधून झाडावी. लिहिणे चालू असताना वीज गेली तर लिखाण बिघडू शकते, म्हणून लहानसा यूपीएस जोडणे हिताचे. वीज परत येताच यंत्र आपोआप सुरू व्हावे अशी योजना बहुतेक संगणकांच्या मूळ मांडणीत करता येते; ती आधीच करून ठेवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे असा सर्व्हर सरसकट इंटरनेटवर उघडा टाकू नये. परगावच्या नातेवाइकांसाठी व्हीपीएन, म्हणजे किल्ली असणाऱ्यांनाच वापरता येणारी खासगी वाट, ठेवावी आणि कार्यप्रणालीतील सुधारणा वेळच्या वेळी घ्याव्यात.

एकाच वहीचा धोका

हे सारे मावसभाऊ उत्साहाने सांगत होता. परंतु आजींच्या आवाजाचा विषय निघताच तो थबकला. त्याने साऱ्या ध्वनिफिती संगणकावर उतरविल्या, आणि काम झाले असे समजून बुरशी चढलेल्या मूळ फिती टाकून दिल्या. पुढच्याच उन्हाळ्यात सर्व्हरची डिस्क निकामी झाली. काही गाणी चेन्नईच्या बहिणीकडे पूर्वी पाठविलेली होती, तेवढी वाचली. कहाण्या बहुतेक गेल्या. मावशी त्याला रागावली नाही. पण त्यानंतर कित्येक दिवस ती त्या फडताळाकडे पाहत नसे, असे त्याने सांगितले.

मला त्या सन्निधी रस्त्यावरील घराची आठवण झाली. रामानुजन १९२० साली वारले. त्यांच्या अखेरच्या वर्षातील संशोधनाची शंभराहून अधिक पाने पुढे प्रा. वॉटसन यांच्या संग्रहात जाऊन पडली. वॉटसन १९६५ साली निवर्तल्यावर त्यांच्या अभ्यासिकेतील कागदांचा ढीग जाळावयास जाण्याच्या बेतात होता. त्यातून ही पाने योगायोगाने वाचली. केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जॉर्ज अँड्रूज यांना ती १९७६ साली आढळली. याउलट त्यांच्या आधीच्या वह्यांचे छायामुद्रण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५७ साली दोन खंडांत प्रसिद्ध केले होते. त्यांच्या प्रती ठिकठिकाणी पोहोचल्या, आणि एखादी आग त्या साऱ्या नष्ट करू शकली नसती.

म्हणून जाणकारांचा नियम असा: प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक परगावी असावी. सर्व्हरमध्ये दोन डिस्का बसवून एकीचे प्रतिबिंब दुसरीवर ठेवले, तरी तेवढ्याने हा नियम पुरा होत नाही. कारण चुकून पुसलेली गोष्ट दोन्हींवरून एकदमच पुसली जाते. सेवक कितीही विश्वासू असला तरी त्याच्या एकट्याच्या हाती घराचे सर्वस्व सोपवू नये.

आता त्या घरी एक प्रत सर्व्हरवर असते. दुसरी एका सुट्या डिस्कवर उतरवून ती डिस्क लोखंडी कपाटात ठेवतात. तिसरी मी निघताना मावसभावाने माझ्या हाती दिली. ती पुण्यास माझ्याकडे असून दर सहा महिन्यांनी नवी करावयाची आहे. दिलेली प्रत खरोखर वाचता येते की नाही हेही त्या वेळी तपासावे, असे त्याने मला बजावले आहे.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मावशीने एक पाळणा लावावयास सांगितला. सासूबाईंचा थरथरता आवाज खोलीत उमटला आणि चेन्नईहून सुटीसाठी आलेली मावशीची नात खेळ सोडून जवळ येऊन बसली. काही शब्द तिला कळेनात. ती ते आजीला विचारू लागली. मावशीने पाळणा थांबविला, अर्थ सांगितला आणि तो पुन्हा पहिल्यापासून लावावयास लावला.

फडताळातील विजेच्या बटणावर मराठीत व तमिळमध्ये एक चिठ्ठी चिकटविलेली आहे: बंद करू नये. ती मावशीच्या हातची आहे.