अकरांतला एक : विजय हजारे

महत्त्वाकांक्षा हा गुण कीं दोष, याविषयीं आपल्या समाजाचें मन नेहमींच थोडें द्विधा राहिलें आहे. मुलानें मोठें व्हावें असें प्रत्येक घराला वाटतें. पण तोच मुलगा चारचौघांत पुढें सरसावूं लागला म्हणजे घरांतलींच वडील माणसें त्याला नम्रतेचे धडे देऊं लागतात. कुस्तींत हा पेंच पडत नाहीं. कृष्णाकांठच्या तालमींतला पैलवान जिंकला तर एकटा जिंकतो, हरला तर एकटा हरतो. फुटबॉल, हॉकी, क्रिकेट या खेळांची गोष्ट निराळी. तेथें एकाच्या पराक्रमानें दहांचें भलें होतें, तसेंच एकाच्या हांवेपायीं दहांचें नुकसानहि होतें. आणि पराक्रम कोठें संपतो व हांव कोठें सुरू होते, हें मैदानावर उभ्या असलेल्या माणसाला त्या क्षणीं कळेलच असें नाहीं.

या प्रश्नाचा विचार करावयास सांगलीकराला दूर जाण्याचें कारण नाहीं. विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजीं सांगलींत झाला. सांगली तेव्हां पटवर्धनांचें संस्थान होतें. घर मराठी ख्रिस्ती, वडील शाळामास्तर, आणि विजय हे आठ भावंडांपैकीं एक. अशा घरांतल्या मुलानें खेळावर जगण्याचें मनांत आणणें हेंच त्या काळीं मोठें धाडस होतें. इंग्लंडांत परगण्यांचे संघ धंदेवाईक खेळाडूंना पगार देत. हिंदुस्थानांत तसा धंदाच नव्हता. तें काम येथें संस्थानिकांनीं केलें. खेळाडूला दरबारांत नोकरी द्यावयाची, कागदोपत्रीं कांहीं हुद्दा लिहावयाचा, आणि खरें काम म्हणजे खेळणें. देवासचे महाराज विक्रमसिंहराव पवार यांनीं हजारे यांना असाच आश्रय दिला. पुढें बडोद्याच्या गायकवाडांनीं दिला. संस्थानी कारभाराविषयीं पुष्कळ वाईट लिहिलें गेलें आहे व त्यांतलें बरेंच खरेंहि आहे. पण या एका बाबतींत त्या दरबारांचें ऋण नाकारतां येणार नाहीं.

देवासच्या आश्रयामुळेंच हजारे यांना ऑस्ट्रेलियाचे सुप्रसिद्ध गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचें शिक्षण मिळालें. हजारे यांची उभें राहण्याची ढब विचित्र होती. बॅट दोन्ही पॅडांच्या मध्यें रोंवल्यासारखी, आणि मुठींवरचे हात एकमेकांपासून सुटे. कोणत्याहि शिक्षकानें ती ढब पहिल्याच दिवशीं मोडून काढली असती. ग्रिमेट यांनीं तिला हात लावला नाहीं. ज्याचा चेंडू नीट बॅटीवर येतो त्याचे पाय पुस्तकाप्रमाणें पडतात कीं नाहीं, याची चिंता त्या जाणत्या माणसानें केली नाहीं, हें हजारे यांचें भाग्यच म्हटलें पाहिजे.

प्रा. देवधर यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० सालीं रणजी करंडक जिंकला. त्याच हंगामांत पुण्यास बडोद्याविरुद्ध हजारे यांनीं नाबाद ३१६ धांवा केल्या. रणजी सामन्यांतलें तें पहिलें त्रिशतक होय. नंतर ते त्याच बडोद्याकडून खेळूं लागले.

हजारे श्रद्धावान ख्रिस्ती होते, पण श्रद्धेचा गवगवा करणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. मुळांत बोलणेंच कमी. तरी त्यांच्या धर्माचा आणि खेळाचा एका ठिकाणीं उघड संबंध आला, आणि तो त्यांनीं जोडलेला नव्हता. मुंबईंत जातवार सामने भरत असत. १९०७ सालीं युरोपियन, पारशी व हिंदू असे तीन संघ झाले. १९१२ मध्यें मुसलमानांचा चौथा आला. आणि १९३७ सालीं उरलेल्या सर्वांचा मिळून ‘रेस्ट’ नांवाचा पांचवा संघ निघाला. ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन, जे कोणत्याच रकान्यांत बसत नव्हते ते सर्व त्यांत. ‘बाकीचे’ हें नांवच असें कीं जणू शिधा वाढून झाल्यावर तळाशीं उरलेलें. असल्या जातवार सामन्यांना गांधीजींनीं १९४० सालीं उघड नापसंती दर्शविली होती, आणि १९४६ सालीं ही स्पर्धा बंदच झाली, तें योग्यच झालें. पण तिनें एक विलक्षण डाव मागें ठेवला आहे.

१९४३ सालच्या त्या स्पर्धेंत हजारे यांनीं प्रथम मुसलमान संघाविरुद्ध २४८ धांवा करून विजय मर्चंट यांचा उच्चांक मोडला. अंतिम सामना हिंदूंशीं. मर्चंटांनीं नाबाद २५० करून उच्चांक परत घेतला, आणि हिंदूंनीं ५ बाद ५८१ वर डाव सोडला. ‘बाकीच्यांचा’ पहिला डाव १३३ धांवांत आटोपला. त्यांत ५९ हजारे यांच्या. दुसऱ्या डावांत ६० धांवांवर पांच गडी बाद झाले. तेव्हां विजय यांच्या जोडीला आले ते त्यांचे धाकटे बंधु विवेक. या दोघां भावांनीं सहाव्या जोडीसाठीं ३०० धांवा केल्या, आणि त्या तीनशेंत विवेक यांचा वांटा होता अवघा २१!

हा आंकडा ऐकून पुष्कळजण हंसतात. पण त्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. दोन फलंदाजांपैकीं एक बाद झाला कीं जोडी तुटते, मग दुसरा कितीहि मोठा असो. म्हणून दुबळ्या जोडीदाराचें काम धांवा काढणें हें नसतें; आपल्या वांट्यास येतील ते चेंडू अडवणें, आणि संधि मिळतांच एक धांव पळून दुसऱ्याला समोर आणणें, हें असतें. मोठ्या फलंदाजाचें काम असें कीं, षट्काच्या शेवटच्या चेंडूवर एक धांव काढून पुढचें षट्कहि स्वतःकडे घ्यावयाचें. विवेक साडेपांच तास उभे राहिले. साडेपांच तास एका माणसानें स्वतःच्या नांवावर कांहीं लागणार नाहीं हें ठाऊक असून यष्टी राखली, म्हणून दुसऱ्याच्या नांवावर ३०९ लागल्या. संघाच्या ३८७ पैकीं ३०९! तरीहि ‘बाकीचे’ एक डाव आणि ६१ धांवांनीं हरले. विक्रम विजय यांचा ठरला. पण विवेक यांच्या २१ धांवा त्याहून लहान मानणें कठीण आहे.

दुसरी भागीदारी याहून मोठी. मार्च १९४७. रणजी करंडकाचा अंतिम सामना बडोद्यास. समोर होळकर संघ. होळकरांच्या २०२ धांवांना उत्तर देतांना बडोद्याचे ९१ वर तीन गडी गेले होते. मग हजारे आणि लाहोरचे गुल महंमद एकत्र आले, आणि चौथ्या जोडीनें ५७७ धांवा झाल्या. हजारे २८८, गुल महंमद ३१९. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्यें कोणत्याहि जोडीचा हा जागतिक उच्चांक २००६ पर्यंत टिकला. त्या वर्षीं संगकारा व जयवर्धने यांनीं ६२४ करून तो मोडला. बडोद्याचा डाव ७८४ वर गेला. हे आंकडे सर्वश्रुत आहेत. तारखेकडे मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. याच मार्च महिन्यांत पंजाबांत दंगली पेटल्या होत्या. एका मराठी ख्रिस्त्यानें आणि एका पंजाबी मुसलमानानें जवळजवळ नऊ तास एकमेकांच्या हांकेवर विश्वास ठेवून धांवा पळाव्यात, हें त्या महिन्यांत घडलें. गुल महंमद पुढें पाकिस्तानचे नागरिक झाले, आणि हिंदुस्थानकडून आठ कसोटी खेळलेला हा गडी १९५६ सालीं पाकिस्तानतर्फे एक कसोटी खेळला.

जानेवारी १९४८ मध्यें ॲडलेडच्या मैदानावर ऑस्ट्रेलियानें ६७४ धांवा केल्या. ब्रॅडमन २०१ वर बाद झाले, तेहि हजारे यांच्याच चेंडूवर त्रिफळा उडून. हजारे यांनीं पहिल्या डावांत ११६ व दुसऱ्यांत १४५ काढल्या; कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले हिंदी खेळाडू. दुसऱ्या डावांत लिंडवॉल यांनीं सात बळी घेतले आणि संघाच्या २७७ पैकीं निम्म्याहून अधिक धांवा एकट्या हजारे यांच्या. सामना डावानेंच गेला.

१९५१ सालीं हजारे कर्णधार झाले, आणि येथें महत्त्वाकांक्षेचा प्रश्न त्यांना स्वतःलाच सोडवावा लागला. दिल्लीस इंग्लंडविरुद्ध मर्चंटांनीं १५४ केल्या, हजारे यांनीं नाबाद १६४. डाव ६ बाद ४१८ वर सोडला. पण नंतर वॉटकिन्स यांनीं नाबाद १३७ धांवांची चिवट खेळी करून इंग्लंडला वांचविलें. डाव आधीं सोडला असता तर? हा प्रश्न विचारणें अन्यायाचें नाहीं. विनयी माणसालाहि विक्रमाचा मोह होतो, इतकेंच त्यावरून दिसतें. कर्णधारपदामुळें हजारे यांच्या फलंदाजीची हानि झाली असें मर्चंट यांचें मत होतें. तें बरेंचसें पटण्याजोगें आहे. संकोची माणसाला दुसऱ्यांना हुकूम करणें हें ओझेंच होतें.

परंतु फेब्रुवारी १९५२ मध्यें मद्रासला जें घडलें तेंहि त्यांच्याच कारकीर्दींत. विनू मंकड यांनीं पहिल्या डावांत ५५ धांवांत आठ व दुसऱ्यांत ५३ धांवांत चार बळी घेतले; पंकज रॉय यांनीं १११ आणि पॉली उम्रीगर यांनीं नाबाद १३० केल्या; यष्टिरक्षक सेन यांनीं सामन्यांत पांच जणांना यष्टिचीत केलें. भारताचा एक डाव आणि आठ धांवांनीं विजय झाला. १९३२ पासून खेळलेल्या कसोट्यांतली ही पंचविसावी, आणि पहिली जिंकलेली. कर्णधाराच्या स्वतःच्या धांवा त्यांत मोजक्याच.

त्याच वर्षीं जूनमध्यें लीड्सला दुसऱ्या डावाचा फलक शून्यावर चार बाद असा होता. ट्रूमन हा तरुण आपल्या पहिल्याच कसोटींत अंगावर येत होता. हजारे मैदानांत उतरले, ५६ धांवा केल्या, आणि फडकर यांच्याबरोबर १०५ धांवांची भर घातली. सामना गेला तो गेलाच.

३० कसोट्यांत २१९२ धांवा आणि सात शतकें एवढा हिशेब करून त्यांनीं १९५३ मध्यें कसोटी क्रिकेट सोडलें. १९६० सालीं पद्मश्री मिळाली, आणि १८ डिसेंबर २००४ रोजीं बडोद्यास त्यांचें निधन झालें. राज्याराज्यांतल्या एकदिवसीय सामन्यांच्या स्पर्धेस आज त्यांचें नांव आहे. त्या करंडकासाठीं महाराष्ट्र आणि बडोदा हे दोन्ही संघ उतरतात, आणि हजारे आमचे, असें दोघेहि म्हणतात.