राणे, हळर्ण आणि नव्या काबिजादी

अमेरिकेच्या आग्नेय भागात यामासी नावाचे लोक राहत. कॅरोलिनातील इंग्रजांच्या बाजूने ते अनेकदा लढले. पण व्यापाऱ्यांच्या कर्जाने पिचून आणि आपलीच माणसे गुलाम केली जातील या धास्तीने १७१५ साली ते त्याच इंग्रजांवर उलटले. डिचोली-पेडण्याच्या माणसाला ही हकीगत ऐकून राण्यांची आठवण व्हावी.

१७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय मार्किस कास्तेलो नोव्हो याने वाडीकर भोसल्यांकडून पेडण्यातील हळर्णचा किल्ला घेतला. डिचोली व सांखळीही घेतली. सांखळीच्या राण्यांचे भोसल्यांशी वाकडे होते, म्हणून त्यांनी परक्याला साथ दिली. (पुढे व्हाइसरॉयला हळर्णच्याच नावाची सरदारकी मिळाली. पोर्तुगालची एक विख्यात कवयित्री याच घराण्यातली. पेडण्यातले हे खेडे तिच्याही नावाला चिकटले आहे!) जिंकलेला मुलूख १७६१ च्या सुमारास परत गेला, परंतु १७८१ मध्ये डिचोली व १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगीजांकडे गेले ते कायमचे. पेडणे तर कोल्हापूरकरांविरुद्धच्या मदतीचा मोबदला म्हणून वाडीकरांनी स्वतःच दिले.

सत्तरीतील राण्यांचा खरा आधार मोकासा, म्हणजे चाकरीबद्दल मिळालेला गावांच्या उत्पन्नावरील हक्क. तलवारीच्या जोरावर मिळालेला हा हक्क कचेरीच्या कागदांत आणि करांत सापडला, तेव्हा जुना मित्र बंडखोर झाला. २६ जानेवारी १८५२ रोजी दीपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला. तीन वर्षे झुंजून सरकारला अखेर १८५५ मध्ये समेट करावा लागला. १८९५ साली मोझांबिकला जाण्यास नकार देऊन मराठा शिपाई उठले, त्यांना दादा राणे मिळाले. हे बंड मोडण्यास राजाचा भाऊ आफोंसो खुद्द लिस्बनहून फौज घेऊन आला. दादांना तिमोरला धाडण्यात आले. शेवटचा उठाव १९१२ चा.

या बंडांना स्वातंत्र्यलढा म्हणण्याची आज रीत आहे, आणि ती सर्वस्वी चुकीची नव्हे. तरी राणे प्रथम लढले ते मोकाशासाठी, हे विसरून चालणार नाही. त्यांच्यामागे रानात हिंडलेल्या कुळाला मोकाशात वाटा नव्हता. १९६१ साली पोर्तुगीज गेले. २०२१ च्या जानेवारीत सत्तरीतील शेळ-मेळावलीचे गावकरी आयआयटीच्या जागेवरून उठले, तेव्हाही पिढ्यान्पिढ्या कसलेली जमीन आपल्या नावावर नाही, हीच त्यांची तक्रार होती.