विश्लेषण : विदर्भातल्या ‘चपट्या डोक्या’चे कूळ कोणते?

भडगावात गिरणाकाठचा काळा पाषाण कितीही फोडला, तरी हा प्राणी हाती लागणार नाही. खानदेशातील हा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. ‘टेम्नोस्पॉन्डिल’ म्हणून ओळखले जाणारे उभयचर त्याआधीच नामशेष झाले होते. त्यांना शोधायचे तर विदर्भात, लाव्हाहून जुन्या वालुकाश्मापर्यंत जावे लागते.

नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा खोऱ्यातील मांगली येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एक कवटी मिळाली. नागपुरातील स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप (हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे) यांना जीवाश्मांचा नाद होता. कवटी लंडनला गेली. डायनासोर हा शब्द घडवणाऱ्या रिचर्ड ओवेन यांनी तिला नाव दिले ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’, म्हणजे आखूड चेहऱ्याचा, रुंद डोक्याचा. १८५५मध्ये छापलेल्या वर्णनात मात्र त्यांनी त्याला सरपटणारा प्राणी म्हटले.

चूक कशी झाली?

खरे तर ही ओवेन यांच्या एकट्याची चूक नव्हे. हे प्राणी दिसायला मगरीसारखे, आणि तेव्हा त्यांची ओळख पटवली जाई दातांवरून. दात आडवा कापला की आत चक्रव्यूहासारख्या घड्या दिसत. म्हणून गटाचे नाव ‘लॅबिरिंथोडॉन्ट’. पुढे लक्षात आले, की असे दात काही प्राचीन माशांनाही होते. वारशाने आलेल्या अशा खुणेवरून जवळचे नाते सिद्ध होत नाही. त्यामुळे ‘लॅबिरिंथोडॉन्ट’ हा गट शास्त्रीय वर्गीकरणातून जवळपास बाद झाला.

‘टेम्नोस्पॉन्डिल’ हे नाव मणक्यांवरून आले. यांचा एकेक मणका सलग नसून अनेक तुकड्यांचा असे. मांगलीच्या ब्रॅकिऑप्सवरून तर ‘ब्रॅकिऑपिडी’ हे अख्खे कूळच ओळखले जाते. त्याचे भाऊबंद ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिकेतही सापडले. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी हे सारे भूभाग एकमेकांना जोडलेले होते. या मोठ्या गटाचा शेवटचा ज्ञात वंशज, ऑस्ट्रेलियातील ‘कूलासुकस’, सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीचा.

आजच्या बेडकांशी नाते काय?

इथे वाद संपलेला नाही. बेडूक आणि सॅलमँडर टेम्नोस्पॉन्डिलांच्याच एका लहानखुऱ्या शाखेतून आले, असे बहुतेक संशोधक मानतात. २००८मध्ये वर्णन झालेला अमेरिकेतील ‘जेरोबॅट्रॅकस’ त्यांच्या बाजूने उभा आहे. काहींना मात्र हे पूर्वज दुसऱ्याच गटात दिसतात. मांगलीची कवटी आजही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.