फ्लॉरेन्स

फ्लॉरेन्स : (इटालियन नाव फिरेन्झे). मध्य इटलीतील एक इतिहासप्रसिद्ध कलानगरी व टस्कनी विभागाची राजधानी. लोकसंख्या सु. ३,६०,००० (२०२१). हे रोमच्या वायव्येस सु. २३० किमी. अंतरावर, टेकड्यांनी वेढलेल्या खोऱ्यात आर्नो नदीच्या दोन्ही तीरांवर वसले आहे. यूरोपीय प्रबोधनाचे हे आद्य केंद्र मानले जाते. येथील पुष्कळ कलाकृती ज्या वास्तूंसाठी निर्माण झाल्या, त्या वास्तूंमध्येच किंवा त्यांच्या निकट आजही पाहावयास मिळतात. त्यामुळे दोन दिवसांच्या मुक्कामातही विद्यार्थ्याला कलेच्या अनेक शतकांचा क्रम पायी हिंडून समजून घेता येतो. तथापि हा ठेवा आपोआप टिकलेला नाही. तो वेळोवेळी संकटात सापडला व प्रत्येक वेळी प्रयत्नपूर्वक राखावा लागला.

इतिहास : रोमन वसाहत म्हणून इ. स. पू. पहिल्या शतकात या नगराची स्थापना झाली. लोकरी कापडाचे उत्पादन, व्यापार व सावकारी यांमुळे तेराव्या शतकात त्याची भरभराट झाली. १२५२ पासून येथे पाडण्यात आलेले ‘फ्लोरिन’ हे सोन्याचे नाणे यूरोपभर चालत असे. राज्यकारभारात व्यावसायिकांच्या श्रेणींना महत्त्वाचे स्थान होते. नगराच्या वास्तूंचा खर्च व देखरेखही बव्हंशी त्याच पाहत. कॅथीड्रलच्या बांधकामाची जबाबदारी लोकर-उत्पादकांच्या श्रेणीकडे, तर बाप्तिस्मागृहाची कापड-व्यापाऱ्यांच्या श्रेणीकडे होती. १३४८ च्या प्लेगच्या साथीत नगराची प्रचंड मनुष्यहानी झाली. परंतु हाती घेतलेली बांधकामे कायमची बंद पडली नाहीत.

१४३४ पासून मेदीची या सावकार घराण्याचे वर्चस्व प्रस्थापित झाले. १४९४ मध्ये त्यास हद्दपार करण्यात आल्यावर साव्होनारोला या धर्मोपदेशकाचा प्रभाव वाढला. १४९७ मध्ये त्याच्या अनुयायांनी चैनीच्या वस्तू, पुस्तके व चित्रे यांची भर चौकात होळी केली. पुढील वर्षी त्याच नगराने त्यालाही देहान्त शासन दिले. १५३० मध्ये प्रजासत्ताक संपुष्टात येऊन मेदीची घराण्याची वंशपरंपरागत सत्ता सुरू झाली. १८६५ ते १८७१ या काळात फ्लॉरेन्स ही एकीकृत इटलीची राजधानी होती. त्या वेळी जुन्या तटबंदीचा बराच भाग पाडून रुंद रस्ते काढण्यात आले. त्यानंतर मध्ययुगीन बाजारपेठेचा परिसरही जमीनदोस्त करण्यात आला.

वास्तू व कला : कॅथीड्रलच्या बांधकामास १२९६ मध्ये आरंभ झाला. त्यालगतच्या घंटामनोऱ्याचे काम १३३४ मध्ये जॉत्तो (सु. १२६७–१३३७) या चित्रकाराकडे सोपविण्यात आले. मुख्य अष्टकोनी भागावरील सु. ४५ मी. रुंदीची पोकळी कशी आच्छादावयाची, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ अनिर्णित होता. एवढ्या उंचीवर जमिनीपासून लाकडी आधार उभारणे व्यवहार्य नव्हते. फीलीप्पो ब्रूनेल्लेस्की (१३७७–१४४६) याने एकात एक असे दोन घुमट रचण्याची योजना मांडली. विटांचे थर ठरावीक अंतरावर उभ्या विटांनी अडवून त्याने प्रत्येक थर चुना घट्ट होईपर्यंत जागीच राहील, अशी व्यवस्था केली आणि सामान वर चढविण्यासाठी बैलांच्या बळावर चालणारी यंत्रे तयार केली. १४२० मध्ये सुरू झालेला हा घुमट १४३६ मध्ये पूर्ण झाला. दगडी बांधकामाच्या घुमटांत तो आजही जगातील सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे.

बाप्तिस्मागृहाच्या ब्राँझच्या दरवाजांसाठी १४०१ मध्ये स्पर्धा घेण्यात आली. तीत लोरेंत्सो गीबेर्ती (सु. १३७८–१४५५) यशस्वी ठरला. त्याने नंतर घडविलेला दुसरा दरवाजा (१४२५–५२) ‘स्वर्गद्वार’ या नावाने प्रसिद्ध असून त्यावरील उत्थित शिल्पांत यथादर्शनाचा कुशल उपयोग केलेला आढळतो. चित्रकलेत हीच दृष्टी मासाच्चो (१४०१–२८) याने आणली. सांता मारीया नोव्हेल्ला या चर्चमधील त्याच्या ‘पवित्र त्रयी’ या भित्तिलेपचित्रात सपाट भिंतीवर खोल कमानीचा हुबेहूब भास निर्माण केलेला आहे. दोनातेल्लो (सु. १३८६–१४६६) याने शिल्पातील मानवाकृतीला वास्तव व आत्मनिर्भर रूप दिले. मीकेलॅंजेलो (१४७५–१५६४) याने सु. ५.१७ मी. उंचीचा संगमरवरी ‘डेव्हिड’ १५०१ ते १५०४ या काळात एकाच शिळेतून घडविला. ही शिळा इतर शिल्पकारांनी हाताळून सोडून दिलेली होती. नगरसभेच्या प्रासादासमोर उभारलेला हा पुतळा प्रजासत्ताकाच्या स्वातंत्र्याचे प्रतीक ठरला. ऊनपावसापासून संरक्षण व्हावे म्हणून १८७३ मध्ये तो कला-अकादमीच्या दालनात हलविण्यात आला. मूळ जागी आता त्याची प्रतिकृती आहे.

ऊफ्फीत्सी ही वास्तू जॉर्जो व्हाझारी (१५११–७४) याच्या आराखड्यानुसार १५६० पासून शासकीय कचेऱ्यांसाठी बांधण्यात आली. तिच्या नावाचा अर्थही ‘कचेऱ्या’ असाच आहे. पुढे तिच्या वरच्या मजल्यावर मेदीचींचा कलासंग्रह मांडण्यात आला. बोत्तिचेल्लीच्या ‘व्हीनसचा जन्म’ या चित्रासह प्रबोधनकालीन चित्रांचा अद्वितीय संग्रह येथे आहे.

कलासंग्रहाचे जतन : मेदीची घराण्यातील अखेरचा शासक १७३७ मध्ये निपुत्रिक मरण पावला व सत्ता लॉरेन घराण्याकडे गेली. त्या काळच्या प्रथेप्रमाणे सर्व संग्रह नव्या राजघराण्याची खाजगी मालमत्ता होऊन व्हिएन्नास जाण्याची शक्यता होती. मृत शासकाची बहीण आन्ना मारीया लुईझा (१६६७–१७४३) हिने त्याच वर्षी नव्या घराण्याशी करार केला. चित्रे, पुतळे, ग्रंथ, रत्ने इ. सर्व वस्तू तिने नव्या घराण्याच्या स्वाधीन केल्या; परंतु त्या राज्याची शोभा व लोकांचा उपयोग यांसाठी असून राजधानीबाहेर कधीही नेता येणार नाहीत, अशी अट तिने घातली. इटलीतील इतर अनेक राजघराण्यांचे संग्रह विक्रीमुळे विखुरले गेले, ही गोष्ट लक्षात घेता या अटीचे महत्त्व स्पष्ट होते. १७६९ मध्ये ऊफ्फीत्सी संग्रहालय सर्वांसाठी खुले करण्यात आले.

विसाव्या शतकात नगरावर तीन मोठे आघात झाले. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने आर्नोवरील जुना पूल (पोंते व्हेक्यो) वगळता सर्व पूल सुरुंगाने उडविले. त्यांपैकी सांता त्रीनिता हा सोळाव्या शतकातील पूल नदीपात्रातून काढलेले मूळ दगड वापरून १९५८ पर्यंत पुन्हा बांधण्यात आला. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नोला महापूर येऊन चिखल व तापतेल यांनी मिश्रित पाणी चर्च, संग्रहालये व ग्रंथालये यांत शिरले. राष्ट्रीय ग्रंथालयातील लक्षावधी ग्रंथ भिजले. सांता क्रोचे येथील चीमाबूए या तेराव्या शतकातील चित्रकाराच्या क्रूसचित्राचा बहुतांश रंग वाहून गेला. त्या वेळी देशोदेशींचे तरुण, मुख्यतः विद्यार्थी, स्वेच्छेने शहरात आले व रांगा करून त्यांनी भिजलेले ग्रंथ आणि चित्रे हातोहात बाहेर काढली. नगरवासी त्यांस ‘चिखलातील देवदूत’ म्हणून ओळखतात. या आपत्तीतून चित्रे व ग्रंथ यांच्या पुनरुद्धाराच्या शास्त्राला मोठी चालना मिळाली. मेदीचींनी १५८८ मध्ये स्थापिलेली रत्नखचितकामाची कर्मशाळा आता या क्षेत्रातील अग्रगण्य संस्था आहे. पुरात भिजलेले व्हाझारीचे ‘अखेरचे भोजन’ हे चित्र पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, पुन्हा जागेवर लागले. २७ मे १९९३ रोजी ऊफ्फीत्सीनजीक माफिया टोळीने घडविलेल्या स्फोटात पाच व्यक्ती मृत्युमुखी पडल्या व काही चित्रे कायमची नष्ट झाली. शहराच्या ऐतिहासिक मध्यभागाचा समावेश यूनेस्कोने १९८२ मध्ये जागतिक वारसा यादीत केला.

अल्पकालीन अभ्याससहल : इटलीच्या अन्य शहरांत शिकणारे विद्यार्थी शनिवार-रविवार साधून फ्लॉरेन्सला येतात. रेल्वेस्थानक, कॅथीड्रल, नगरसभेचा चौक व नदी ही एकमेकांपासून पायी जाण्याजोग्या अंतरावर आहेत. पहिल्या दिवशी स्थानकासमोरील सांता मारीया नोव्हेल्लापासून आरंभ करून बाप्तिस्मागृह, कॅथीड्रल व त्याचे संग्रहालय हा क्रम सोयीचा ठरतो. ‘स्वर्गद्वारा’चे मूळ फलक या संग्रहालयात असून बाहेर दिसतो तो प्रतिकृतीचा दरवाजा होय, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. घुमटावर जाण्यासाठी ४६३ पायऱ्या आहेत. त्या दोन घुमटांमधील पोकळीतून जात असल्याने ब्रूनेल्लेस्कीची विटांची रचना अगदी जवळून पाहता येते. रविवारी सकाळी उपासनेमुळे बहुतेक चर्चमध्ये पर्यटकांना प्रवेश नसतो. म्हणून तो वेळ ऊफ्फीत्सीसाठी ठेवणे इष्ट. दुपारी जुना पूल ओलांडून दक्षिण तीरावरील सांता मारीया देल कार्मीने या चर्चमधील मासाच्चोची भित्तिलेपचित्रे व संध्याकाळी टेकडीवरील सान मीन्यातो हे रोमनेस्क शैलीचे चर्च पाहता येते.

सर्वच पाहण्याचा अट्टहास केल्यास काहीच नीट पाहून होत नाही, असा अनेकांचा अनुभव आहे. स्तांदाल या फ्रेंच साहित्यिकाने आपल्या प्रवासवृत्तात सांता क्रोचे येथील चित्रे पाहून बाहेर पडताना आपणास भोवळ आल्यासारखे झाले, असे नमूद केले आहे. कलादर्शनाच्या अतिरेकाने होणाऱ्या अशा अवस्थेला पुढे त्याचेच नाव मिळाले. मोजक्या कलाकृती निवडून त्या ज्या जागेसाठी घडविल्या गेल्या, त्या जागेच्या संदर्भात पाहणे, हाच या नगरीच्या अभ्यासाचा खरा मार्ग होय.

महाराष्ट्राशी संबंध : कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज (१८५०–७०) इंग्लंडचा प्रवास आटोपून परतताना फ्लॉरेन्स येथे आजारी पडले व ३० नोव्हेंबर १८७० रोजी वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी तेथेच निधन पावले. यूरोपच्या या प्रवासात त्यांनी लिहिलेली इंग्रजी रोजनिशी १८७२ मध्ये प्रकाशित झाली. स्थानिक अधिकाऱ्यांच्या विशेष परवानगीने शहराच्या पश्चिमेस आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीने त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. त्या जागी १८७४ मध्ये छत्रीयुक्त स्मारक उभारण्यात आले. त्यातील महाराजांचा रंगीत अर्धपुतळा चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडविला आहे. कास्चीने उद्यानाच्या टोकाशी असलेले हे स्मारक नगरवासीयांत ‘भारतीयाचे स्मारक’ म्हणून परिचित असून त्याजवळ १९७८ मध्ये पूर्ण झालेल्या आर्नोवरील पुलासही त्यावरूनच ‘भारतीयाचा पूल’ हे नाव पडले आहे.