परार्ध : एकावर सतरा शून्ये

लाखाला लाखाने गुणा, आलेल्या संख्येला पुन्हा कोटीने गुणा. उत्तर येते १,००,००,००,००,००,००,००,०००. हा परार्ध. अब्ज, खर्व, निखर्व ओलांडून पुढे गेल्यावर भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तल्या (इ.स. ११५०) अठरा स्थानांपैकी हे शेवटचे स्थान.

हा शब्द परभणी जिल्ह्याला परका नाही. गोदाकाठचे पार्थपूर म्हणजे आजची पाथरी, असे अभ्यासक मानतात. तिथल्या ज्ञानराजांनी १५०३ मध्ये ‘सिद्धान्तसुंदर’ हा ज्योतिषग्रंथ रचला. त्यांचे पुत्र सूर्यदास यांनी १५३८ मध्ये भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर आणि १५४१ मध्ये ‘लीलावती’वर टीका लिहिली.

परार्ध केवढा, हे परभणीच्या ज्वारीनेच मोजू. हजार दाण्यांचे वजन तीस ग्रॅम धरले, तर क्विंटलभर ज्वारीत सुमारे तेहतीस लाख दाणे होतात. परार्धभर दाण्यांचे वजन भरेल तीनशे कोटी टन. साऱ्या जगात वर्षभरात पिकणारा गहू, तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी असे सगळे तृणधान्य एकत्र केले, तरी ते साधारण तेवढेच होते. ही रास जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत अख्ख्या परभणी जिल्ह्यावर सारखी पसरली, तर जवळपास दोन फूट उंचीचा थर होईल. सेकंदाला एक या वेगाने, न थांबता हे दाणे मोजायला ३१७ कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे मानतात. सेकंदांत ते भरते जेमतेम ४.३५ परार्ध.

‘पर’ म्हणजे पलीकडचा, ‘अर्ध’ म्हणजे बाजू किंवा निम्मा भाग. यजुर्वेदातल्या संख्यांच्या मालिकेतही परार्ध शेवटीच येतो, पण तिथे त्याची किंमत एकावर बारा शून्ये एवढीच आहे. पुढच्या गणितींनी मधली स्थाने वाढवली आणि परार्ध लाखपटीने मोठा झाला. टोकाची जागा मात्र त्याने सोडली नाही.

पुराणांनी याच शब्दाने काळ मोजला. ब्रह्मदेवाचे शंभर वर्षांचे आयुष्य हे ‘पर’ आणि त्याचे निम्मे ते परार्ध, म्हणजे १,५५,५२,००० कोटी मानवी वर्षे. पूजेच्या संकल्पात गुरुजी ‘द्वितीय परार्धे’ म्हणतात, तेव्हा ब्रह्मदेवाची पन्नाशी उलटली आहे, असेच ते सांगत असतात.

घरोघरी उच्चारला जाणारा हा शब्द मुलांना अर्थासह आणि शून्यांसह कळायला हवा. परभणीच्या शाळांमध्ये तो ज्वारीचे दाणे मोजून शिकवावा, आणि त्याच तासाला पाथरीच्या ज्ञानराज-सूर्यदासांची नावेही सांगावीत.