मॉरिशस: घरात एक भाषा, शाळेत दुसरी, नोटेवर तिसरी

आजच्या भागात आपण चाललोय हिंदी महासागरातल्या मॉरिशसला. हनिमून पॅकेजवाल्या मॉरिशसला नाही हं, भाषांच्या मॉरिशसला. देश एवढासा, की आपल्या एका पुणे जिल्ह्यात असे सात देश सहज मावतील. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास.

तिथले लोक कोणती भाषा बोलतात? मला कुणी विचारलं असतं तर मी बिनधास्त ‘फ्रेंच’ म्हणून मोकळा झालो असतो. चूक! 2011च्या जनगणनेत घरी क्रेओल बोलणारे होते सुमारे 86 टक्के. घरी फ्रेंच बोलणारे जेमतेम चार टक्के.

ही क्रेओल आली कुठून? 1715 साली फ्रेंचांनी बेट घेतलं आणि उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणले. वेगवेगळ्या भाषांची माणसं एका मळ्यात कोंबली गेली. त्यांनी मालकाच्या फ्रेंचमधून शब्द उचलले आणि व्याकरण मात्र स्वतःचं बांधलं. उदाहरणार्थ, ‘मो मांझे’ म्हणजे मी खातो. ‘मो पे मांझे’, मी खातोय. ‘मो ती मांझे’, मी खाल्लं. ‘मो पू मांझे’, मी खाईन. क्रियापद जागचं हलत नाही, पुढचा छोटा शब्द फक्त बदलायचा. फ्रेंचची क्रियापदं पाठ करताना ज्यांचं डोकं दुखलंय त्यांना हे ऐकून रडू येईल.

1810 मध्ये इंग्रज आले. पण त्यांनी फ्रेंच मळेवाल्यांचे कायदे, धर्म, रीतिरिवाज तसेच राहू दिले. त्यामुळे कारभार इंग्रजीत गेला, तरी फ्रेंच काही हलली नाही. आजही संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी आहे, सभासदाला फ्रेंचमध्ये बोलायची मुभा आहे, आणि मोठी वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये निघतात.

मग 1834पासून करारबद्ध मजूर येऊ लागले, जवळपास पाच लाख, बहुतेक भारतातून. पोर्ट लुईला ते जिथे उतरायचे, तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसास्थळ आहे. बिहारकडचे भोजपुरी बोलणारे सर्वांत जास्त. शिवाय तमिळ, तेलुगू. आणि मुंबई बंदरातून बोटीत बसलेली आपली कोकणातली माणसं. त्यांच्या वंशजांकडे आजही गणपती बसतात, जाखडीचा नाच आहे, आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते.

पण या मराठी घरांतही रोजचं बोलणं बहुतेक क्रेओलमध्येच चालतं. मराठी ही ‘पूर्वजांची भाषा’. हा मी बनवलेला शब्द नाही. जनगणनेत घरी काय बोलता हा एक प्रश्न आणि पूर्वजांची भाषा कोणती हा वेगळा प्रश्न विचारला गेलाय. म्हणजे जी भाषा तुम्हाला बोलता येत नाही, तीही तुमची असू शकते.

आणि ती किती ‘आपली’ असते बघा. 1998 साली नव्या नोटा निघाल्या. आधीच्या नोटांवर क्रम होता इंग्रजी, तमिळ, मग हिंदी. नव्या नोटांवर हिंदी तमिळच्या वर गेली. तमिळ समाज खवळला. आमची माणसं इथे आधी आली, फ्रेंचांच्या काळातच कारागीर म्हणून आली, मग आम्ही खाली का? शेवटी त्या नोटा मागे घेऊन नव्याने छापाव्या लागल्या. ज्या क्रेओलमध्ये हे भांडण गल्लोगल्ली झालं असणार, ती क्रेओल मात्र नोटेवर कुठेच नव्हती!

मला सगळ्यात जास्त अडकवलं ते शाळेने. सहा वर्षांचं पोर घरून क्रेओल बोलत येतं. गणिताचं पुस्तक इंग्रजीत, परीक्षाही इंग्रजीत, शिवाय फ्रेंच विषय सक्तीचा. बाई अडलेलं क्रेओलमध्ये समजावतात, पण उत्तर लिहायचं ते इंग्रजीत. पोराला गणित येत नाही की इंग्रजी येत नाही, हे कळणार कसं?

‘क्रेओल म्हणजे मोडकी फ्रेंच’ हे तिथे वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं. देव विरासामी यांच्यासारख्या लेखकाने हट्टाने तिच्यात नाटकं लिहिली, शेक्सपिअरचं ‘टेम्पेस्ट’ घेऊन ‘तुफान’ लिहिलं. तरी प्राथमिक शाळेत क्रेओल हा विषय यायला 2012 उजाडलं.

आली तीही ऐच्छिक, हिंदी, तमिळ, मराठी याच यादीत. यातला एकच विषय घ्यायचा. म्हणजे एखाद्या मराठी आडनावाच्या मुलीने क्रेओल निवडली, तर पणजोबांची भाषा सुटते. मराठी निवडली, तर जिच्यात ती आईशी भांडते ती भाषा लिहायला शिकायची राहते. मला विचाराल तर हा प्रश्न त्या पोरीपुढे टाकणंच चूक आहे. दोन्ही शिकवा की! पण वेळापत्रकात तास एकच आहे, आणि फॉर्म आईबाबांना भरायचाय.

तुमच्या घरी असा फॉर्म आला तर कशावर खूण कराल? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.