भीमेच्या दोन काठांवरचे गैरसमज

न्हावऱ्याहून चौफुल्याच्या रस्त्याला लागून पारगावला भीमेचा पूल ओलांडला की शिरूर तालुका संपतो आणि दौंड सुरू होतो. दोन्हीकडे ऊस तोच, सोयरिकीही एकमेकांतच. त्यामुळे खासदारही एकच असणार, असं बाहेरचे लोक सहज धरून चालतात. पण दौंड बारामती लोकसभा मतदारसंघात येतो. शिरूर मतदारसंघ 2008 च्या पुनर्रचनेत जुन्या खेडच्या जागी आला. त्याला नाव तालुक्याचं असलं, तरी त्यात जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी यांच्यासोबत थेट भोसरी आणि हडपसरही आहेत.

2024 मध्ये तर मतदानाच्या तारखाही वेगळ्या होत्या. दौंडला 7 मे, शिरूरला 13 मे. मग ज्याचं घर दौंडला आणि नोकरी रांजणगाव एमआयडीसीत, त्यानं दोन्हीकडे नाव ठेवलं तर काय बिघडलं? बिघडतं. कायद्यानं एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघाच्या यादीत राहू शकतं, आणि नोंदणीत जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे आपण पंतप्रधानाला मत देतो. प्रचारच त्या नावावर होतो, तेव्हा मतदाराला तरी काय दोष द्यायचा? पण यंत्रावर पंतप्रधानपदाचं बटण नसतं. शिरूरनं अमोल कोल्हे यांना निवडलं, बारामतीनं सुप्रिया सुळे यांना. असे 543 खासदार निवडून येतात, आणि ज्याच्यामागे त्यांतलं बहुमत उभं राहील त्याला राष्ट्रपती पंतप्रधान नेमतात. 2024 मध्ये भाजपच्या 240 जागा आल्या, बहुमताला 272 लागतात. सरकार झालं ते मित्रपक्षांना धरून. हा पाठिंबा पाच वर्षं टिकेलच असंही नाही. एप्रिल 1999 मध्ये वाजपेयी सरकार लोकसभेत एका मतानं पडलं होतं.

'नोटा'ला सर्वाधिक मतं पडली की फेरनिवडणूक होते, हेही लोकसभेला लागू नाही. नोटाखालोखाल ज्याला जास्त मतं, तो निवडून येतो. गोंधळाला कारण मात्र आहे. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानं 2018 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी खरोखरच फेरनिवडणुकीचा आदेश काढला होता. पण लोकसभा भारत निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत येते.

दर निवडणुकीला व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप फिरतो. यादीत नाव नसेल तर आधार दाखवून 'चॅलेंज व्होट' मागा, आणि केंद्रावर 14 टक्के 'टेंडर व्होट' झाली तर फेरमतदान! दोन्ही खोटं. यादीत नाव नाही तर मत नाही, मग हातात मतदार ओळखपत्र असलं तरीही. टेंडर व्होट, म्हणजे प्रदत्त मत, मिळतं ते आपल्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलेलं असेल तेव्हा. ओळख पटली की केंद्राध्यक्ष कागदी मतपत्रिका देतात. ती वेगळ्या पाकिटात ठेवली जाते आणि नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही. निकालाला न्यायालयात आव्हान मिळालं, तरच तिचा विचार होऊ शकतो.